आधी आकडा, मग नाव

मुरुडच्या बाजारात मासळी दोन रीतींनी विकली जाते. मांदेली, कोळंबी, ओले बोंबील वाट्यावर मिळतात. मोठी सुरमई किंवा पापलेट असेल तर बहुधा वजन होतं. "वाटा केवढ्याला?" विचारलं की कोळीण भाव सांगते, पण वाटा म्हणजे नेमका किती हे कुठेही लिहिलेलं नसतं. तिचा हात, त्या दिवशी उतरलेला माल आणि समोरचं गिऱ्हाईक किती जुनं आहे, यावर ते ठरतं. यात कुणाचं काही अडत नाही, कारण वाटा डोळ्यांसमोर मांडलेला असतो. अडचण येते ती मुंबईच्या माणसाला फोनवरून "दहा वाटे पाठवते" असं सांगितल्यावर. त्याच्या मनातला वाटा वेगळा, हिच्या मनातला वेगळा. मग किलो लागतो. किलो कुणाच्याही हातात गेला तरी किलोच राहतो.

माझं पोटापाण्याचं काम संगणकाचे ड्रायव्हर लिहिण्याचं आहे. गाडीच्या ड्रायव्हरशी त्याचा संबंध नाही. एखादं यंत्र, म्हणजे रेडिओ, कॅमेरा, तापमापक असं काहीही, आणि संगणक यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. यंत्र विजेच्या भाषेत आकडे देतं, दुभाषी त्यांचा अर्थ वरच्या प्रोग्रॅमला सांगतो. या कामात एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. यंत्राकडून आलेली माहिती आपल्या कोडमध्ये 'इनम' म्हणून ठेवायची, की ठरावीक रुंदीचा पूर्णांक म्हणून? ऐकायला हा अगदी आतल्या गोटातला, कंटाळवाणा वाद वाटतो. पण तो वाटा आणि किलो यांचाच वाद आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तो जिवावर बेतू शकतो. तांत्रिक विषय म्हणून इथेच थांबू नका. संगणक न शिकलेल्या माणसालाही समजेल अशा बेतानं सांगतो.

इनम म्हणजे नावांची यादी. सी या भाषेत आपण लिहितो की 'चालू' म्हणजे ०, 'नांगरलेली' म्हणजे १, 'मासेमारीत' म्हणजे ७. पुढे कोडमध्ये ७ न लिहिता 'मासेमारीत' असं लिहायचं. वाचणाऱ्याला लगेच कळतं. ठरावीक रुंदीचा पूर्णांक म्हणजे नुसता आकडा, पण त्याची जागा पक्की: ८ बिट, १६ बिट, ३२ बिट. सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणकानं अशा प्रकारांना नावं दिली. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, त्यांना यू-८, यू-१६, यू-३२ अशी आटोपशीर नावं आहेत. यू-८ कुठल्याही यंत्रावर ८ बिटांचाच असतो. त्यात काय ठेवलंय हे मात्र तो सांगत नाही. इनम अर्थ सांगतो पण जागेची खात्री देत नाही. पूर्णांक जागेची खात्री देतो पण अर्थ सांगत नाही.

आता दर्याकडे येऊ. मुरुडच्या उत्तरेला मुंबई आणि न्हावा-शेव्याची मोठी बंदरं आहेत, दक्षिणेला राजपुरीची खाडी आणि तिच्या पलीकडे दिघी. या सगळ्यांची जहाजं आमच्या समोरच्या पाण्यातून जातात. त्याच पाण्यात एकदऱ्याच्या आणि राजपुरीच्या होड्या जाळी टाकतात. रात्रीच्या वेळी मोठ्या जहाजाला छोटी होडी दिसणं सोपं नसतं. म्हणून जगभर एक व्यवस्था आहे, एआयएस, अर्थात जहाजाची आपोआप ओळख देणारी यंत्रणा. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ती सक्तीची आहे. जहाज दर काही सेकंदांनी रेडिओवर सांगत राहतं: मी कोण, कुठे, किती वेगात, कोणत्या दिशेला, आणि सध्या काय करतोय. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर हे चालू असतं. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रातून कोण येतंय हे ओळखण्याचा प्रश्न आपल्याकडे फारच गंभीरपणे घेतला गेला. अलीकडे, ३० ऑगस्ट २०२४ला पालघरच्या कार्यक्रमात, इस्रोचं तंत्रज्ञान असलेले ट्रान्सपॉन्डर १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याची योजना सुरू झाली. ती उपग्रहावरून चालते, त्यामुळे एआयएसपेक्षा वेगळी आहे. पण दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच: नौकेवरच्या माणसाची अवस्था थोड्याशा बिटांत बांधून किनाऱ्यावर पाठवायची, आणि किनाऱ्यावर ती जशीच्या तशी उघडायची.

एआयएसचा नेहमीचा स्थितिसंदेश १६८ बिटांचा असतो. त्यातली प्रत्येक जागा मोजून दिलेली आहे. जहाजाच्या नऊ आकडी ओळख क्रमांकाला ३० बिट (भारतीय जहाजांचे क्रमांक ४१९नं सुरू होतात), रेखांशाला २८, अक्षांशाला २७, वेगाला १०, नाळ कोणत्या दिशेला आहे त्याला ९. आणि जहाज काय करतंय याला फक्त ४ बिट. चार बिटांत ० ते १५ असे सोळा आकडे बसतात. ० म्हणजे इंजिनावर चालू, १ म्हणजे नांगर टाकलेला, ५ म्हणजे धक्क्याला बांधलेलं, ६ म्हणजे रुतलेलं, ७ म्हणजे मासेमारीत, ८ म्हणजे शिडावर. १५ म्हणजे 'काही सांगितलेलं नाही'. काही आकडे पुढच्या वापरासाठी राखीव ठेवलेले आहेत.

ही यादी पाहिल्यावर कोणत्याही प्रोग्रॅमरचा हात इनमकडे जातो. जायलाच हवा. नावांची यादी समोर तयार आहे, मग ७, ८ असे उघडे आकडे कोडमध्ये पसरून कशाला ठेवायचे? सहा महिन्यांनी ते कोड वाचणाऱ्याला ७ म्हणजे काय हे पुन्हा शोधत बसावं लागेल. इथपर्यंत माझं काहीच म्हणणं नाही. प्रश्न त्या पुढच्या पावलाचा आहे. तोच इनम उचलून यंत्राकडून येणाऱ्या संदेशाच्या साच्यात बसवला की गडबड सुरू होते.

अशी एक गडबड मी जवळून पाहिली. एका कंपनीत, तिचं नाव महत्त्वाचं नाही, किनाऱ्यावर बसवायची एक पेटी तयार होत होती. पेटीत दोन मेंदू. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, जो रेडिओ ऐकून संदेश फोडायचा. आणि दुसरं लिनक्स चालवणारं कार्ड, जे ते संदेश घेऊन नकाशावर दाखवायचं. दोघांनी एकमेकांशी बोलताना घोटाळा नको म्हणून संदेशाचा साचा एकाच हेडर फाइलमध्ये लिहिलेला होता. पहिली जागा स्थितीची, तिचा प्रकार इनम. दुसरी वेगाची, १६ बिट. तिसरी नाळेच्या दिशेची, १६ बिट. फाइल एकच, त्यामुळे दोन्हीकडचा अर्थही एकच असणार अशी सगळ्यांची समजूत. चाचणीत पडद्यावर एक जहाज दिसू लागलं: स्थिती 'धक्क्याला बांधलेलं', वेग २७ नॉट.

मुरुडमधलं शेंबडं पोरही यावर हसेल. २७ नॉट म्हणजे तासाला ५० किलोमीटर. आमचे ट्रॉलर त्याच्या निम्म्यानंही धावत नाहीत, आणि हे तर बांधलेलं जहाज. पण पडद्यापुढच्या माणसाला हसू येत नाही, तो आधी रेडिओवर संशय घेतो, मग अँटेनावर, मग केबलवर. दोन दिवस तसेच गेले.

खरी गोम इनमच्या जागेत होती. सी भाषेचं प्रमाणक इनमला किती बाइट द्यायचे हे कंपायलरवर सोपवतं. लिनक्सच्या बाजूच्या कंपायलरनं नेहमीप्रमाणे ४ बाइट दिले. छोट्या एआरएम मायक्रोकंट्रोलरसाठीचा कंपायलर मात्र जागा वाचवण्यासाठी इनम जेवढ्यात मावेल तेवढ्यातच ठेवतो. आमची सोळा नावं एका बाइटात मावत होती. दोन बाइटांचा वेग सम जागेवर ठेवायचा म्हणून त्यानं मध्ये एक बाइट रिकामा सोडला. आता हिशेब करा. मायक्रोकंट्रोलरच्या साच्यात वेग सुरू होतो दुसऱ्या बाइटापासून आणि दिशा चौथ्यापासून, मोजणी शून्यापासून. लिनक्सच्या साच्यात वेग सुरू होतो चौथ्यापासून. म्हणजे लिनक्स जो वेग म्हणून वाचत होतं ती जहाजाच्या नाळेची दिशा होती. जहाज पश्चिमेकडे तोंड करून बांधलेलं, दिशा २७० अंश. एआयएसमध्ये वेग नॉटच्या दहाव्या हिश्शात मोजतात. २७०चा वेग झाला २७.० नॉट.

स्थिती बरोबर दिसत होती तीही नशिबानंच. लिनक्स स्थितीसाठी चार बाइट वाचत होतं. त्यात पहिला खरा स्थितीचा, दुसरा रिकामा आणि उरलेले दोन खऱ्या वेगाचे. जहाज थांबलेलं, वेग शून्य, म्हणून बेरीज ५च राहिली. तेच जहाज इंजिनावर ८ नॉटनं चालू लागलं असतं तर स्थितीचा आकडा झाला असता ५२,४२,८८०. सोळा आकड्यांच्या यादीत बावन्न लाख. चूक सगळ्यात जास्त लपते ती यंत्र स्वस्थ असताना. टेबलावरच्या चाचणीत जहाजं उभीच असतात.

उपाय पाच ओळींचा होता. साच्यात स्थितीची जागा यू-८ केली, मधला रिकामा बाइट नाव देऊन उघड लिहिला, वेग आणि दिशा यांना '१६ बिट, लहान टोक आधी' असा प्रकार दिला. लहान टोक म्हणजे दोन बाइटांपैकी कमी किमतीचा आधी. हाही एक जुना गोंधळ आहे आणि लिनक्समध्ये त्यासाठी वेगळे प्रकार आहेत, जे स्पार्स नावाचं हत्यार तपासून देतं. शेवटी साचा ६ बाइटांचाच आहे की नाही हे कंपायलरनंच तपासावं अशी एक ओळ घातली. साचा चुकला तर प्रोग्रॅम तयारच होणार नाही. म्हणून माझा पहिला नियम साधा आहे: माहिती दोन यंत्रांच्या, दोन कंपायलरांच्या किंवा कर्नेल आणि बाहेरच्या प्रोग्रॅमच्या सीमेवरून जात असेल, तर तिथे किलोच चालेल, वाटा चालणार नाही.

मग इनम टाकूनच द्यावा का? काही जाणते लोक तसं म्हणतात. ड्रायव्हरमध्ये सगळीकडे यू-८ वापरा, नावांसाठी साधे स्थिरांक ठेवा, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. इनम दिल्यावर कंपायलर आपल्याला एक मोठी मदत करतो. स्थितीनुसार वेगवेगळं काम करणारा कोडचा तुकडा लिहिला आणि यादीतलं एखादं नाव त्यात राहून गेलं, तर तो इशारा देतो की याचं काय करायचं ते तुम्ही सांगितलेलं नाही. उद्या यादीत नवं नाव घातलं की जिथे जिथे त्याचा विचार व्हायला हवा ती प्रत्येक जागा कंपायलर बोट दाखवून सांगतो. यू-८ला ही सोय नाही. त्याच्या दृष्टीनं ० ते २५५ सगळे सारखेच. हजारो ओळींच्या कोडमध्ये, चार माणसं आलटूनपालटून काम करत असताना, ही मदत सोडून देणं परवडत नाही. एक खोच मात्र लक्षात ठेवा: त्या तुकड्यात 'बाकी काहीही असेल तर' अशी सरसकट फांदी घातली की कंपायलरचा नेहमीचा इशारा बंद होतो. त्याला वाटतं, तुम्ही सगळ्याचा विचार केलेला आहे.

ही 'बाकी काहीही' फांदीच मला सगळ्यात धोक्याची वाटते. का, ते १४ या आकड्यावरून सांगतो.

एआयएसच्या स्थितींच्या यादीत १४ हा आकडा आधी राखीव होता. त्याला नाव नव्हतं. पुढे जीवरक्षक होड्यांवर ठेवण्यासाठी एआयएसवर चालणारं एक संकटसूचक यंत्र आलं. त्याला एआयएस-सार्ट म्हणतात. १ जानेवारी २०१०पासून जुन्या रडारवाल्या सार्टऐवजी ते चालतं. जहाज बुडालं, माणसं जीवरक्षक होडीत उतरली, की हे यंत्र चालू करायचं. ते दर मिनिटाला आठ संदेशांचा झोत सोडतं आणि त्यातल्या स्थितीच्या जागी लिहिलेलं असतं १४. म्हणजे: इथे माणसं संकटात आहेत. हेच यंत्र नुसतं तपासून पाहायचं असेल तर त्या जागी १५ जातो, 'काही सांगितलेलं नाही'.

आता २०१०च्या आधी लिहिलेला एखादा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे त्या वेळची यादी इनममध्ये उतरवली. राखीव आकडे येणारच नाहीत असं धरलं, किंवा आले तर काय म्हणून 'बाकी काहीही' फांदीत लिहिलं: स्थिती 'अनिश्चित' समजा. नीटनेटकं, सभ्य कोड. कुठे कोसळत नाही, कुठे तक्रार करत नाही. आणि पाण्यातून आलेला १४ त्या फांदीतून बाहेर पडताना १५ झालेला असतो. खऱ्या संकटाची हाक चाचणीच्या हाकेसारखी दिसू लागते. सार्टचा ओळख क्रमांक ९७०नं सुरू होतो, पण तो चाचणीतही तोच असतो, त्यामुळे त्यावरून खरं-खोटं कळत नाही. सोबत एक मजकुराचा संदेशही जातो, त्यात 'सार्ट ॲक्टिव्ह' की 'सार्ट टेस्ट' ते लिहिलेलं असतं; ही यंत्रणा आखणाऱ्यांनी केलेली ती दुहेरी सोय. पण तिच्या भरवशावर आपण हातातला आकडा पुसून टाकावा हे बरोबर नाही. पडद्यावर कुठेतरी 'अनोळखी स्थिती: १४' एवढं जरी दिसलं, तरी ड्युटीवरचा माणूस कुणाला तरी विचारू शकतो. 'अनिश्चित' दिसलं तर विचारायलाच काही उरत नाही.

म्हणून दुसरा नियम: यंत्रानं दिलेला आकडा जसा आला तसा शेवटपर्यंत जवळ ठेवा. नाव त्याच्या शेजारी लिहा, त्याच्या जागी लिहू नका. ज्याला नाव सापडत नाही त्याला दुसऱ्याचं नाव देऊ नका.

'माहीत नाही' हेसुद्धा एक उत्तर असतं, आणि त्यालाही स्वतःची जागा द्यावी लागते. एआयएस आखणाऱ्यांनी हे छान सांभाळलंय. अक्षांश ९० अंशांपलीकडे असूच शकत नाही, म्हणून अक्षांश माहीत नसेल तर ९१ पाठवायचा, रेखांशासाठी १८१. वेग माहीत नसेल तर १०२३, दिशा माहीत नसेल तर ५११. यातलं काहीही शून्य नाही. शून्य वेग म्हणजे होडी थांबलेली आहे, ती एक बातमी आहे. वेग ठाऊक नसणं ही वेगळी बातमी. कोडमध्ये या दोन्ही एकत्र झाल्या की वाहून चाललेली होडी नकाशावर नांगरलेली दिसते.

हीच शिस्त आमच्या शेजारी, अलिबागला, फार जुनी आहे. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यांच्या विजेनं कुलाब्याची चुंबकीय मापनं बिघडणार होती, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी मापनाचं काम अलिबागला आणलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, कुलाब्याच्या जुन्या मालिकेला अलिबागची नवी मालिका नीट जोडता यावी म्हणून. आज जगभरच्या वेधशाळा ज्या सामायिक साच्यात आपल्या नोंदी देतात त्यात प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली असते. एखाद्या मिनिटाची नोंद हुकली तर तिथे ९९९९९ लिहितात, आणि ती गोष्ट तिथे मोजलीच जात नसेल तर ८८८८८. हुकलेलं वेगळं, न मोजलेलं वेगळं. अंदाजानं मधला आकडा भरून रकाना सुंदर करण्याचा मोह कुणालाही होईल. पण तसं केलं तर पन्नास वर्षांनी त्या नोंदीवर काम करणाऱ्याला कोणता आकडा मोजलेला आणि कोणता भरलेला हे कळणार नाही.

हा नियम माझ्या मनात इतका घट्ट बसण्याला आणखी एक कारण आहे, ते संगणकाबाहेरचं. आमच्या घरात बोलली जाते ती कोकणी मुसलमानांची बोली. मराठीच्या कुळातली, थोडी उर्दूची फोडणी दिलेली. माझं शिक्षण मराठीतून झालं, मी लिहितो मराठीत. एकदा एका कार्यालयात अर्ज संगणकावर भरून घेणाऱ्या मुलानं माझं नाव विचारलं आणि मातृभाषेच्या रकान्यात मला न विचारता 'उर्दू' निवडलं. मी म्हटलं, "भाऊ, मराठी लिहा." तो चांगला मुलगा होता, लगेच बदललं. पण मी मनात म्हणालो, हा तर आपल्याच धंद्यातला दोष: आलेला आकडा न वाचता, आपल्या यादीतलं जवळचं वाटेल ते नाव लावून मोकळं होणं. असा अनुभव नसलेला मराठी मुसलमान मला तरी अजून भेटायचाय.

याउलट जनगणनेची रीत पाहा. मातृभाषा विचारताना प्रगणकानं समोरचा जे नाव सांगेल ते तसंच्या तसं पूर्ण लिहायचं, स्वतःचा तर्क लावायचा नाही, अशी सूचना असते. २०११च्या जनगणनेत अशी १९,५६९ कच्ची नावं गोळा झाली. नंतर भाषेच्या जाणकारांनी ती तपासली, सारखी नावं एकत्र केली, आणि १,३६९ मातृभाषा ठरवल्या. आणखी १,४७४ नावांचं वर्गीकरण झालं नाही, ती 'इतर'मध्ये गेली. दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या मातृभाषांचे गट करून शेवटी १२१ भाषांची यादी छापली गेली. त्या गटवारीवर वाद घालता येतो आणि लोक घालतातही. कोणती बोली कोणत्या भाषेखाली टाकली यावरून भांडणं आहेत. पण भांडता येतं ते कच्चं नाव आधी लिहून घेतल्यामुळे. प्रगणकानं दारातच १२१ नावांची यादी पुढे करून "यातलं एक निवडा" म्हटलं असतं, तर बाकीची हजारो नावं कुठे नोंदलीच गेली नसती, आणि वादाला आधारही उरला नसता. आधी कच्चा आकडा, मग नाव. आणि नाव लावल्यावरही कच्चा आकडा फेकायचा नाही.

काही तरुण मित्र मला सांगतात, आता हा वादच संपला. सी-प्लस-प्लसमध्ये २०११पासून इनमची रुंदी आपणच ठरवू शकतो, आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीच्या नव्या प्रमाणकातही ती सोय आली. 'हा इनम ८ बिटांचा' असं लिहायचं, की नावही मिळालं आणि रुंदीही. सोय चांगली आहे, जिथे कंपायलर नवा असेल तिथे जरूर वापरावी. वरच्या २७ नॉटच्या जहाजाची गडबड तिनं टळली असती. पण १४ची गडबड टळली नसती. रुंदी पक्की झाल्यानं यादी पूर्ण होत नाही. जग आपल्या यादीपेक्षा मोठं असतं आणि यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत नवा आकडा येणारच, हे कंपायलर सांगत नाही. ते लिहिणाऱ्यालाच लक्षात ठेवावं लागतं.

मग मी काय करतो ते सांगतो. यंत्राच्या रजिस्टरचा किंवा संदेशाचा साचा फक्त ठरावीक रुंदीच्या प्रकारांत लिहितो. त्यातून माहिती आत घेणारा एकच दरवाजा ठेवतो, एकच छोटं फंक्शन. तिथे आकड्याची यादीशी गाठ घालून देतो. सापडला तर इनम, नाही सापडला तर 'अनोळखी' हे नाव, आणि दोन्ही वेळा मूळ आकडा सोबत. दरवाजाच्या आत सगळीकडे इनम वापरतो, आणि तिथे सरसकट 'बाकी काहीही' फांदी लिहायचं टाळतो, म्हणजे कंपायलर राखणीला जागा राहतो. बाहेर माहिती परत पाठवायची असेल तर मूळ आकडाच पाठवतो, आपण लावलेलं नाव नाही.

मराठीत होडीलाही नाव म्हणतात आणि माणसाच्या ओळखीलाही नाव. कोकणातल्या माणसाला या दोन्हींची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली, जाळी विणायला काढलेली. यंत्रं तपासण्याचेही तेच दिवस. तुम्ही असल्या कामात असाल, किंवा तुमचा मुलगा-मुलगी पुण्याला, बंगळुरूला असलं कोड लिहीत असेल, तर एक चाचणी करायला सांगा. स्थितीला चार बिट आहेत, त्यात सोळाच आकडे बसतात. ज्यांना नाव आहे ते आणि ज्यांना नाही ते, असे सोळाही आकडे एकेक करून आत पाठवा, आणि पलीकडून सोळा वेगवेगळे बाहेर येतात का मोजा. पंधरा आले, तर कोणता हरवला ते शोधल्याशिवाय उठू नका.